हा आकडा येतो कुठनं?

दर सप्टेंबरात फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम आला की सात रस्त्याजवळच्या आमच्या गेम पार्लरमध्ये पहिलं भांडण ठरलेलं, खेळाडूंना दिलेल्या गुणांवरून. "काय बे, ह्याला ९१ कशाचे?" कंपनीने मोजमाप केलं असेल, अशी दोन्ही बाजूंची समजूत. मोजमाप कधीच नव्हतं, होता तो कुणीतरी मॅच बघून दिलेला कौल.

१९९३च्या पहिल्या 'फिफा' गेममध्ये खेळाडूंची नावंच बनावट होती, खरी आली फिफा ९६ मध्ये. बनावट नावांच्या गुणांच्या खरेपणावर कोण भांडणार? ती चिकित्सा वाढली मॅनेजर गेममध्ये, जिथे बॉल मारायचा नसतो, संघ चालवायचा असतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२चा. गुण १ ते २०. पुढे क्लबागणिक हौशी चाहते आपला संघ बघून गुण भरू लागले. रोज मैदानात बसणाऱ्याला बारकावे दिसतात, तसाच आपल्या पोराचा लळाही लागतो. २००१-०२च्या आवृत्तीत मिलवॉल या इंग्लिश क्लबचा चेर्नो साम्बा गोलांचा पाऊस पाडायचा. प्रत्यक्षातली त्याची कारकीर्द बेताचीच. तरीही २००८ मध्ये एव्हर्टन क्लबने खेळाडू हेरायला याच मंडळींच्या 'फुटबॉल मॅनेजर'ची माहिती वापरायचा करार केला!

आमच्या पिढीचा पुरावा मात्र पेस ६, म्हणजे 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' हा फिफाचा प्रतिस्पर्धी गेम. त्यात इंटर मिलानच्या आद्रियानोची शॉट पॉवर, म्हणजे फटक्याचा जोर, ९९. अर्ध्या मैदानातून डाव्या पायाने हाणला तरी गोलकीपर बघत राहायचा. पार्लरच्या जॉयस्टिकवरचं चौकोनाचं बटण दाबून दाबून आत बसलं होतं, नखाने उचकटून वर काढावं लागे. शेवटी नियम झाला: इंटर घ्या, पण आद्रियानो बाकावर.

फिफाच्या (२०२३ पासून नाव 'ईए स्पोर्ट्स एफसी') मागेही हजारो स्वयंसेवकच. प्रत्येक खेळाडूचे तीसेक वेगवेगळे गुण आणि त्यातून निघणारा एकूण आकडा, 'ओव्हरऑल'. ही सरळ सरासरी नाही, जागेप्रमाणे वजन बदलतं. सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, फिनिशिंग (गोल मारणं) येत नसलं तरी त्याचं काही बिघडत नाही. त्यालाच स्ट्रायकर केलं की आकडा कोसळतो. शिवाय खेळाडूच्या नावलौकिकाचीही थोडी भर पडते, ही मला सगळ्यात खटकणारी गोष्ट.

२००९ मध्ये फिफात खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा 'अल्टिमेट टीम' हा प्रकार आला आणि आकड्याला भाव आला. ७५ किंवा वर सोनेरी कार्ड, ६५च्या खाली कांस्य. पण पोरं ओव्हरऑल बघायचीच नाहीत, पळतो किती ते बघायची. कालियारी या इटालियन क्लबचा इबार्बो म्हणूनच देव झाला. गेममध्ये वेगापुढे बाकी गुण फिके पडत, हा दोष गुण देणाऱ्यांचा कमी, गेमच्या इंजिनाचा जास्त.

फिफा २२ मध्ये आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली. आपले बहुतेक खेळाडू कांस्य. आमच्याकडे आयएसएलचा संघ घेणारा गडी एकच आहे. त्याला सुरुवातीलाच दोन गोल देऊन मॅच चालू होते.