विधिनिषेध : पाळण्यापासून बाळगण्यापर्यंत

‘सत्तेपुढे कसलाच विधिनिषेध राहिलेला नाही’ हे वाक्य निवडणुका आल्या की अग्रलेखांत हमखास भेटते. इथे विधिनिषेध म्हणजे मनाला लागणारी टोचणी. मूळ शब्दाला अशा टोचणीशी देणेघेणे नव्हते. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, वेदवाक्यांचे पाच प्रकार मानले, त्यांतले विधी आणि निषेध हे दोन. ‘स्वर्गकामो यजेत’ (स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा) हा विधी, ‘न कलञ्जं भक्षयेत्’ (कलंज हा निषिद्ध पदार्थ खाऊ नये) हा निषेध. पुढे स्मृतिग्रंथांनी आणि धर्मशास्त्राचे संकलन करणाऱ्या निबंधकारांनी ही चौकट स्नान, भोजन, सोयर, सुतकापर्यंत आणली.

खरा गुंता वेगळाच आहे. ‘निस्त्रैगुण्ये पथि विचरतां को विधिः को निषेधः’ हे एका जुन्या संस्कृत अष्टकाचे पालुपद. त्रिगुणांपलीकडे गेलेल्याला विधी काय नि निषेध काय! म्हणजे विधिनिषेध नसणे ही मुक्ताची खूण होती. आज तीच निर्लज्जाची खूण मानली जाते. हा उलटा प्रवास अर्थाची झीज म्हणून सोडून देणे मला पटत नाही. नियम ओलांडून गेलेला आणि नियम झुगारून दिलेला, दोघांना एकाच शब्दाने मोजण्यातला धोका त्यात दिसतो.

बाहेरचा नियम आणि आतली टोचणी यांची उघड टक्कर पुण्यात 1890 साली झाली. एका ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांच्या धर्मपीठापर्यंत गेले. चहा प्यायला की पेल्याला नुसता हात लावला, यावरही खल झाला. काही सुधारकांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले. ते घरच्यांसाठी घेतले असेल, तरी ज्या नियमावर विश्वास नाही त्यापुढे मान तुकवणे मला चहापेक्षा गंभीर वाटते. धर्मपीठाला मात्र त्या बाजूने काही विचारायचेच नव्हते.

शब्दाचे स्थलांतर क्रियापदात स्पष्ट दिसते. नियम ‘पाळतात’, लाज, भीती, चाड ‘बाळगतात’. ‘विधिनिषेध बाळगा’ असे म्हणताच तो पोथीतून मनात येतो, आणि बहुधा एकवचनी होतो: ‘त्याला विधिनिषेध नाही.’ जुना अर्थही गेलेला नाही. चातुर्मासाचे विधिनिषेध घरोघर आजही पाळले जातात, तेही अनेकवचनात.