इंटरनेटचा वेग ठरवतं कोण?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी चिडून लिहितं, "१०० एमबीपीएसचे पैसे घेतात, मग डाउनलोड १२ वर का अडकतं?" यातला निम्मा राग साध्या भागाकाराने शांत होतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि डाउनलोडची खिडकी बहुतेक वेळा दाखवते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. इथे कंपनीने काही चोरलेलं नाही.

उरलेला निम्मा राग जास्त रंजक आहे. तो आकडा स्थिर का राहत नाही? चढतो, धाडकन घसरतो, पुन्हा चढतो. ग्रुपचं एकमत असं की कंपनी मुद्दाम मागे खेचते. तेही होतं कधीकधी. पण कुणी काहीच खोडी काढली नाही तरी वेग असाच हेलकावे खातो, कारण तसं वागण्याची सूचना माहिती पाठवणाऱ्या संगणकातच लिहिलेली आहे.

आधी थोडी उजळणी. फाइल अखंड येत नाही. तिचे जास्तीत जास्त सुमारे १,५०० बाइटचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर पत्ता असतो, तो पाहून वाटेतले राऊटर पॅकेट पुढे ढकलतात. ते पोचेलच अशी हमी कुणी देत नाही. पुढची वाट अरुंद असली की राऊटरमध्ये रांग लागते, रविवारी संध्याकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर लागते तशी. फरक एवढाच की रांगेची जागा संपली की राऊटर नवं आलेलं पॅकेट सरळ फेकून देतो, आणि सहसा कुणाला कळवतही नाही. हमीचं काम दोन टोकांच्या संगणकांनी करायचं. त्यासाठीची नियमावली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडली, ती टीसीपी. तिचं सार असं: पॅकेट मिळालं की पोच पाठवायची, पोच वेळेत आली नाही तर पाठवणाऱ्याने तेच पॅकेट पुन्हा पाठवायचं.

मेख नेमकी इथेच होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर किती, तर ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६६ मीटर. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. चांगला टंकलेखक एवढं सहज टाइप करतो. झालं होतं असं: रांग वाढली, पोच उशिरा येऊ लागली, पाठवणाऱ्याला वाटलं पॅकेट हरवलं, म्हणून त्याने पुन्हा पाठवलं. त्यामुळे रांग आणखी वाढली. तार तुडुंब भरलेली, आणि तिच्यातून वाहतंय काय, तर एकाच पॅकेटच्या प्रती. असं होईल असा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच देऊन ठेवला होता.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर जो उपाय काढला, तो जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. वाट किती रुंद आहे हे पाठवणाऱ्याला कुणी सांगणार नाही, त्याने ते चाचपूनच काढायचं. सुरुवात एका पॅकेटने करायची. पोच आली की दोन, मग चार, मग आठ. पॅकेट हरवलं की वाट भरली असं समजायचं आणि माघार घ्यायची.

आता सुरुवात साधारण दहा पॅकेटांनी होते. हिशोब करून पाहा. अमेरिकेतल्या सर्व्हरवरून १ मेगाबाइटचा फोटो मागवला. पत्ता वगैरे वगळून एका पॅकेटात १,४६० बाइट माहिती मावते, म्हणजे सुमारे ६८५ पॅकेटं हवीत. १०, २०, ४०, ८० असं दुप्पट करत गेलं तर सहा फेऱ्यांत (पॅकेटं पाठवून पोच परत येणं ही एक फेरी) ६३० होतात, म्हणजे सातवी फेरी लागणारच. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समुद्रातल्या केबलची वळणं धरून जाऊन-येऊन पाव सेकंद धरा. सात फेऱ्या, पावणेदोन सेकंद. तुमचा प्लॅन ५० एमबीपीएसचा असो की ५०० चा, पावणेदोन सेकंदच! तोच फोटो मुंबईतल्या सर्व्हरवर ठेवला आणि फेरी शंभरांश सेकंदाची झाली, तर ५०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सगळं काम ०.०७ सेकंदात. मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती गावोगावी ठेवतात त्या यासाठी.

आता माझा लाडका भाग. वाट भरल्यावर माघार किती घ्यायची? मूळ उत्तर आहे निम्मी. आणि नंतर पुढे सरकायचं ते दुप्पट करत नाही, दर फेरीला एक-एक पॅकेट वाढवत. चढताना बेरीज, उतरताना भागाकार. हेच का, याचं सुंदर उत्तर दा-मिंग चिउ आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले राज जैन यांनी १९८९ मध्ये दिलं. समजा तारेची क्षमता १०० आहे. तुम्ही ८० वापरताय, शेजारी २०. फरक ६०. तार भरली, दोघांनी निम्मं केलं: ४० आणि १०. फरक ३० झाला. आता दोघे सारखेच वाढत १०० भरतात: ६५ आणि ३५. फरक ३० च राहिला. पुन्हा निम्मं, पुन्हा वाढ: ५७.५ आणि ४२.५. फरक १५. प्रत्येक माघारीत तफावत निम्मी होते आणि वाढीत ती तशीच राहते. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, वर कुणी वाटप करणारा नाही, तरी आपोआप ५०-५० कडे जातात. उलट, उतरताना दोघांनी सारखंच वजा केलं असतं तर ६० चा फरक कायम राहिला असता. चढताना दोघांनी दुप्पट केलं असतं तर एकास चारचं प्रमाण हललं नसतं. ग्रुपवर ज्याच्या नावाने बोटं मोडली जातात तो करवती आलेख म्हणजे ही वाटणी चालू असल्याची खूण.

त्यामुळे 'स्पीड बूस्टर' ॲप ही शुद्ध थाप आहे. वाट तुमच्या फोनच्या पलीकडे कुठेतरी अरुंद असते. राऊटर आग्नेय कोपऱ्यात ठेवा असा सल्ला देणारे वास्तुवालेही भेटतात. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. भिंतींमुळे वायफायमध्ये पॅकेटं गळतात. बरीचशी गळती वायफाय स्वतःच भरून काढतं, पण जी उरते ती टीसीपीला गर्दी वाटते आणि पाठवणारा विनाकारण माघार घेतो. हा या योजनेचा खरा दोष.

दुसरा दोष वाटणीत आहे. ती माणशी होत नाही, जोडणीमागे होते; जोडणी म्हणजे दोन संगणकांमधला एकेक टीसीपी-संवाद. डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलसाठी आठ जोडण्या उघडतो आणि शेजाऱ्याच्या एका जोडणीसमोर आठ वाटे उचलतो. त्याला अडवणारं टीसीपीत काही नाही. माघारीचा नियमच बदलणाऱ्याला अडवणारंही काही नाही. लिनक्स या संगणक-प्रणालीत क्युबिक नावाची पद्धत आली, ती निम्म्यापेक्षा कमी माघार घेते. २०१६ मध्ये गूगलने बीबीआर आणली, ती हरवलेल्या पॅकेटांऐवजी प्रत्यक्ष मिळणारा वेग आणि फेरीचा वेळ मोजते. वाटेतल्या राऊटरमध्ये रांगेला जागा कमी असेल तर बीबीआरची पहिली आवृत्ती क्युबिकला बाजूला सारून आपल्या वाट्यापेक्षा बरंच जास्त घेते, असं मोजणीत दिसलं. म्हणून तिच्या सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.