बूट का चावतो?

नवी कोल्हापुरी चप्पल चावते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिले आठ-दहा दिवस ती अंगठ्याशेजारची कातडी सोलते, घरातली मोठी माणसं तिला तेल लावायला सांगतात आणि मग कधीतरी ती पायाची होऊन जाते. डोंगरात घालायच्या बुटांना मात्र आपण हा वेळ देत नाही. शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून खोकं आणायचं आणि रात्री शेवटची कसारा लोकल पकडायची, असं करणारे दर पावसाळ्यात भेटतात. मीही तेच केलं होतं. बारी गावातून कळसूबाई चढताना काहीच जाणवलं नाही. उतरताना मात्र दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड आले आणि शेवटचा तासभर मी बूट हातात घेऊन, मोज्यांवर चिखलातून चाललो. फोड नक्की कसा येतो, हे शोधायला मी त्या आठवड्यात बसलो. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी त्याबद्दल चुकीचंच समजत होतो.

आपला समज असा असतो की बूट कातडीवर घासतो आणि घासून घासून फोड येतो. एक साधा प्रयोग करून पाहा. उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या पंज्याच्या पाठीवर घट्ट टेकवा आणि मागेपुढे हलवा. बोट कातडीवरून घसरत नाही, कातडीच बोटाबरोबर सरकते. खालचं हाड आहे तिथेच राहतं. म्हणजे वरची कातडी एकीकडे आणि हाड दुसरीकडे, आणि मधले मऊ थर आडवे ओढले जातात. बुटात हेच घडतं, फक्त उलट बाजूने: कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून राहतो, आणि आत टाचेचं हाड प्रत्येक पावलाला वरखाली होतं. एक किलोमीटर चालताना प्रत्येक पाय साधारण सहाशे-सातशे वेळा टेकतो. इतक्या वेळा तीच ओढ बसली, की त्वचेच्या वरच्या भागातला काटेरी पेशींचा थर आतल्या आत फाटतो आणि त्या फटीत पाणी भरतं. वरची कातडी अजून शाबूतच असते. तळपाय, टाच, तळहात इथे वरचा मृत पेशींचा थर जाड आणि घट्ट असतो, म्हणून तिथे फोड येतो. पातळ कातडी असेल तिथे फोड न येता सरळ सालटं निघतं.

आता यात ओलावा मिसळा. त्वचेच्या घर्षणावर १९५५ मध्ये संशोधक नेलर यांनी केलेले प्रयोग आजही आधाराला घेतले जातात. कोरडी कातडी कमी घर्षण करते. पाण्याने पूर्ण निथळणारी कातडीही तुलनेने सहज सरकते. सर्वांत जास्त चिकटते ती दमट कातडी. दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी आहेत, म्हणजे बंद बुटातला पाय दमटच असणार. शिवाय पाणी मुरून पांढरी पडलेली कातडी मऊ होते आणि लवकर फाटते. जुलैमध्ये आपले पाय सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत नेमके याच अवस्थेत असतात.

हा घाम थांबवला तर? अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हा उपाय वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या कॅडेटांवर तपासला. काहींनी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड असलेलं घामरोधक द्रावण चालण्याआधी सलग पाच रात्री पायांना लावलं. २१ किलोमीटरच्या चालीनंतर ते नियमित लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, तर औषध नसलेलं नुसतं द्रावण लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण औषध लावणाऱ्यांतल्या ५७ टक्के जणांच्या पायांची आगही झाली. म्हणून हा उपाय मी कुणाला सुचवत नाही.

त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी, म्हणजे साधी मायक्रोपोर टेप, फार कामाची आहे. जिथे फोड येण्याची सवय आहे तिथे ती ट्रेकला निघण्यापूर्वीच, कोरड्या पायाला, एकाच थरात लावायची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १२८ अल्ट्रामॅरेथॉन धावपटूंवर घेतलेली तिची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा टप्प्यांत सुमारे २५० किलोमीटर धावणाऱ्या या मंडळींमध्ये पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. त्यांच्याच आधीच्या एका चाचणीत असा फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. माझ्या पिशवीत मात्र ती कायम असते.

बूट रुळवणे म्हणजे काय, ते आता नीट सांगता येईल. बूट मऊ होतो हा त्यातला अर्धाच भाग. चामडं हे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं गुंतागुंतीचं विणकाम असतं. पायाची ऊब, घामाचा ओलावा आणि पुन्हा पुन्हा पडणारी घडी यांनी हे तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात आणि नव्या जागी स्थिरावतात. त्यामुळे घडी नेमकी तुमच्या बोटांच्या सांध्यावर पडायला लागते आणि टाचेची वाटी तुमच्या टाचेच्या आकाराची होते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कोल्हापुरीचं चामडं सुरुवातीला ताठ असतं, पण तेही असंच वळतं. उरलेला अर्धा भाग पायात घडतो. सोसेल इतका ताण रोज थोडा थोडा मिळाला, की त्वचा वरचा थर जाड करून त्याला उत्तर देते. फोड आलाच, तर त्याच्या तळाशी साधारण २४ तासांत पेशींची विभागणी जोरात सुरू होते आणि वरचा कठीण थर नव्याने बनायला १२० तास, म्हणजे पाच दिवस लागतात. सगळा आठवडा बूट कपाटात आणि रविवारी आठ तास पायात, या हिशेबात पायाला शिकायला वेळच मिळत नाही.

म्हणून मी आता असं करतो. पहिले तीन-चार दिवस घरातच, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, ट्रेकला घालणार तेच मोजे घालून. याच काळात बूट चुकीचा निघाला तर दुकानदार बदलून देण्याची आशा असते, कारण तळ अजून मळलेला नसतो. मग भाजी आणायला, बसस्टॉपपर्यंत, जिन्यावरून. मग पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन पर्वती किंवा जवळची एखादी टेकडी. चामड्याचा बूट असेल तर तीन-चार आठवडे लागतात, कापडी-जाळीदार असेल तर आठवडाभर पुरतो. कुठे गरम वाटलं, चुरचुरलं, की तिथेच थांबून पट्टी लावायची. ही चुरचूर म्हणजे आतला थर फाटण्याआधीची सूचना असते, आणि ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ म्हणणाऱ्याला पुढच्या टप्प्यावर फोडच दिसतो. बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवण्याचा जुना सल्ला मी पाळत नाही. चुलीजवळ बूट वाळवणं तर त्याहून वाईट. ओलं चामडं तापलं की कोलॅजेन आक्रसतं, बूट कडक होतो आणि तळाचा गोंदही सैल पडतो.

पण चुकीच्या मापाचा बूट कितीही दिवस घातला तरी रुळत नाही. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला नाही. पायात २६ हाडं आहेत. दिवसभर चालल्यावर, ओझ्याखाली पाय पसरतो आणि सुजतो. त्यामुळे बूट संध्याकाळीच विकत घ्यावा, दोन्ही पायांत घालून पाहावा आणि मोठ्या पायाचं माप धरावं. नाडी सोडून पाय पुढे सरकवला, की टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. नाडी बांधल्यावर टाच उचलता कामा नये. दुकानात उतार नसतो, तेव्हा जिन्यावरून उतरून पाहा, किंवा बुटाचं टोक जमिनीवर हलकेच आपटा. अंगठा पुढे टेकला, तर उतरताना तो हजारो वेळा टेकेल आणि नख काळं पडेल. नाडी बांधताना घोट्याच्या वळणावर दुहेरी वेढा घेतला, तर पुढचा भाग सैल आणि टाच घट्ट असं दोन्ही साधतं. माझ्या टाचांचा त्रास या एका वेढ्याने जितका कमी झाला, तितका महागड्या मोज्यांनीही झाला नाही. मोजे मात्र सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि कातडी दमट राहते.

वजनाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. सोल आणि गोल्डमन या संशोधकांनी १९६९ मध्ये माणसांना डोक्यावर, हातात आणि पायात वजन देऊन चालवलं आणि खर्च होणारी ऊर्जा मोजली. पायातल्या एका किलोला शरीरावरच्या एका किलोच्या चार ते सहा पट ऊर्जा लागते असं दिसलं. कारण उघड आहे: पाय प्रत्येक पावलाला उचलावा लागतो, पुढे फेकावा लागतो आणि थांबवावा लागतो. अमेरिकी लष्कराच्या १९८४ च्या मोजणीत बुटांच्या दर १०० ग्रॅममागे प्राणवायूचा वापर ०.७ ते १ टक्क्याने वाढला. एक-दोन दिवसांच्या गडासाठी दीड किलोची बर्फाळ प्रदेशातली जोडी घालणं म्हणजे हा कर विनाकारण भरणं. उंच घोट्याचा बूट पाय मुरगळण्यापासून वाचवतो, ही समजूतही तितकी पक्की नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या सहाशेवर विद्यार्थ्यांच्या १९९३ च्या चाचणीत उंच आणि बुटक्या बुटांत ठळक फरक आढळला नव्हता. डोंगर म्हणजे बास्केटबॉलचं मैदान नव्हे, पण केवळ त्या भरवशावर जड बूट घेऊ नयेत.

तळाची गोष्ट वेगळी. पूर्वी आल्प्समध्ये बुटांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकत. १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर वादळात सहा गिर्यारोहक दगावले. ते विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सोबती होते, आणि वर चढलेल्यांच्या पायांत अशा थंडीत न टिकणारे हलके बूट होते. दोन वर्षांत ब्रामानी यांनी पिरेली कंपनीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याला नाव दिलं ‘कारारमातो’, म्हणजे रणगाडा. बुटांचे तळ बनवणाऱ्या ‘व्हिब्रम’ कंपनीचं नाव त्यांच्याच नावातून आलं. १९५४ मध्ये के-टू शिखर सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच तळ होता.

आपला डोंगर आल्प्स नव्हे. सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. उन्हाळ्यात तो खरखरीत असतो, आणि रबर त्याच्या बारीक खळग्यांत शिरून पकड घेतं. पावसात त्यावर पाण्याचा पातळ पडदा आणि शेवाळ चढतं. मग रबर दगडाला टेकतच नाही, पडद्यावर तरंगतं. खोल खाचा चिखलात आणि मुरमाच्या घसाऱ्यावर उपयोगी पडतात. सपाट ओल्या कातळावर मात्र त्यांच्यामुळे टेकणारं क्षेत्र कमी होतं. तिथे मऊ रबर आणि रुंद, सपाट ठोकळे चांगले. शेवाळावर तर कुठलंच रबर धरत नाही. पाऊल पावठीतच, म्हणजे कातळात खोदलेल्या खाचेतच टाकावं लागतं. आपल्या गावांतले वाटाडे साध्या चपलांत किंवा अनवाणी आपल्या पुढे जातात, त्यात पायाचं शिक्षण आहे आणि दगड ओळखण्याचंही.

जलरोधक पडद्याच्या बुटांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. पाण्याचा थेंब त्यातून शिरत नाही, वाफ जाते. पण वाफ बाहेर जाण्यासाठी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दमट असायला हवी. लोहगडावर ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, आणि ओढ्यात गुडघाभर उतरलं की पाणी वरून बुटात येतं ते येतंच. मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. पावसाळी सह्याद्रीत मी जाळीदार, पाणी निथळून टाकणारा बूट घालतो आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. तोच पडदा हिमाचलमधल्या बर्फात मात्र खरोखर पाय वाचवतो.

फोड आलाच, तर वरची कातडी सोलू नका; तिच्यासारखं आवरण दुसरं नाही. फार ठणकत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला छोटं छिद्र पाडून पाणी काढावं आणि वर पट्टी लावावी. मधुमेह असलेल्यांनी हे स्वतः करू नये, डॉक्टरांकडे जावं.

आणि एक गोष्ट ट्रेकच्या आठवडाभर आधी नक्की करा, विशेषतः बूट वर्षभर माळ्यावर पडून असतील तर. अनेक बुटांच्या तळात मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प त्याचे रेणू जोडणारे एस्टर बंध हळूहळू तोडतं, आणि पाच ते दहा वर्षांत तो थर भुसभुशीत होतो, बूट एकदाही फारसा न घालता. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर घडतं. वरून बूट नवा दिसतो आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर भर उतारात सोल निघून हातात येतो. मग सुतळीने बांधून चालावं लागतं. बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा, मधल्या थरावर अंगठा दाबा. चिरा दिसल्या, चुरा निघाला, किंवा चिकट लागलं, तर ती जोडी डोंगरावर नेऊ नका. पावसाळा संपला की बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता उघड्यावर ठेवायचे, आणि महिन्यातून एकदा तरी त्याच बुटांत बाजारात जाऊन यायचं.