भांडीवाली टी-शर्ट का नाकारते?

नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, पंचवटीच्या गल्ल्यांत जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बाया अजूनही फिरतात. गाठोडं सोडलं की कपडा आधी चिमटीत धरून चोळायचा, मग भावाचं बोलायचं. सुती साडी, चादर, जाड जीन्स यांचा ढीग वेगळा. सेलमध्ये घेतलेला, चार धुण्यांत बोळा झालेला टी-शर्ट मात्र बाजूला सरकतो. ‘हे नको ताई, ह्याला कोण घेतंय?’ इथे घासाघीस करून उपयोग नसतो. त्या चिमटीला जे कळतं, त्याला रसायनशास्त्राचा भक्कम आधार आहे.

कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या रेणूवर पाणी धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट खच्चून भरलेले असतात. साध्या हवेतूनच सुती धागा आपल्या वजनाच्या 7 ते 8 टक्के बाष्प ओढून घेतो. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणून सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये यंत्रावरचं पाणीदार कूलंट (यंत्र थंड ठेवणारं द्रव) पुसायला सुती चिंधीच लागते, आणि गोधडीलाही जुनं सुती लुगडंच बरं. पॉलिएस्टर मिसळलेला टी-शर्ट फाटला तरी त्याचं धड फडकंही होत नाही.

खात्री करायची असेल तर शिवणीतला एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि त्याची टणक काळी गोळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं, राख आणि तिच्यात खडे. ते खडे म्हणजे पाण्याच्या बाटलीतलंच पीईटी प्लास्टिक. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून जास्त आज पॉलिएस्टर आहे. त्याला ना पाऊस लागतो ना बोंडअळीची भीती. तेलापासून कारखान्यात बारा महिने निघतं. कपडा इतका स्वस्त होण्याचं हे एक मोठं कारण.

कापूसही धुतल्या तांदळासारखा नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा एक प्रचलित अंदाज आहे. पण खरी पंचाईत दोन्हींच्या मिश्रणात आहे. जुना कपडा यंत्रात पिंजला की तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूंचं सूत कच्चं निघतं. रसायनांनी कापूस आणि पॉलिएस्टर वेगळे करता येतात, पण रंग, बटणं, चेन आणि ताणासाठी घातलेलं इलॅस्टेन आड येतं, खर्चही फार. एलन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी 1 टक्कासुद्धा पुन्हा कपडा होऊन परतत नाही. उरलेला बराचसा घंटागाडीत जातो.

टाकून द्यायच्या आधीही कपडा झिजतच असतो. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात 6 किलो पॉलिएस्टर कपड्यांच्या एका धुण्यातून जवळपास 5 लाख, तर अॅक्रिलिकमधून (लोकरीसारखा कृत्रिम धागा) 7 लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू सुटू शकतात, असा हिशेब निघाला. सुती कपड्यातूनही तंतू सुटतात, पण सेल्युलोज जिवाणूंना पचतं. प्लास्टिक तसंच राहतं. वॉशिंग मशीनचं पाणी तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रात पोचलं, तर अशा केंद्रांत बहुतेक तंतू गाळात अडकतात. म्हणजे नदीऐवजी गाळात, एवढाच फरक. घाटावर आपटलेल्या धुण्याला तेवढाही अडसर नाही. आणि नाशिकहून निघालेली गोदावरी पुढे नांदूरमधमेश्वरला साठते, जे 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं) पाणथळ म्हणून जाहीर झालं.

आता माणसांकडे. आपल्याच जिल्ह्यात मालेगावचे यंत्रमाग आहेत. तिथे कापड यंत्र विणतं, माणूस बारा-बारा तास त्याचे तुटलेले धागे सांधत राहतो. शिवणकामाचं मात्र अजून यंत्राला पुरतं जमलेलं नाही. लोखंडाचा पत्रा रोबो बिनचूक उचलतो. कापड लुळं, धरलं की दुमडतं, ओढलं की ताणतं. बाही खांद्याला नीट बसवायला बोटंच लागतात. धागा, विणाई, रंगाई यांचे खर्च यंत्रांनी आधीच खाली आणलेले. दर आठवड्याला नवी फॅशन आणि तीही स्वस्तात हवी म्हटलं की पिळायला उरतात ती शिवणारी बोटं.

ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली, 1,100 हून अधिक माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्या दिवशी बंद राहिली, वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. ऑर्डरी वेळेत जायच्या होत्या. त्यानंतर 200 हून अधिक ब्रँडांनी बांगलादेशातल्या कारखान्यांसाठी कायद्याने बांधील करार केला. त्यात आगीपासून बचाव होता, इमारतींची तपासणी होती. शिलाईचा दर किती द्यायचा, हे मात्र त्यात ठरवलेलं नव्हतं.