तपकिरी चरबीचे थर्मल कॅमेऱ्याने मापन

प्रौढ माणसाच्या शरीरातील तपकिरी चरबी (तपकिरी मेद ऊती) थंडी लागल्यावर किती उष्णता निर्माण करते, याचा अंदाज त्वचेच्या अवरक्त चित्रावरून बांधण्याची पद्धत. मानेच्या मुळाशी, गळ्याच्या हाडाच्या वर जो खळगा असतो, त्यावर कॅमेरा रोखून चित्रे घेतात. सुई टोचावी लागत नाही, किरणोत्सर्गी द्रव्य द्यावे लागत नाही आणि खर्चही बेताचा. मात्र कॅमेऱ्याला दिसते ती त्वचा, चरबी नव्हे. या पद्धतीचे सगळे नियम आणि तिच्याविषयीचे सगळे वाद या एका गोष्टीतून निघतात.

पोटावर साठणारी पांढरी चरबी ऊर्जा राखून ठेवते, तपकिरी चरबी ती जाळते. तिच्या पेशी तंतुकणिकांनी (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जानिर्मितीची केंद्रे) खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांतील सायटोक्रोम या लोहयुक्त प्रथिनांमुळे तिला तपकिरी रंग येतो. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात यूसीपी-१ नावाचे प्रथिन असते. एरवी पटलापलीकडे गेलेले प्रोटॉन परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी साठवलेली ऊर्जा, तयार होते. हे प्रथिन त्यांना आडवाट करून देते. एटीपी बनत नाही, ऊर्जा थेट उष्णता होऊन बाहेर पडते. थंडी जाणवली की मेंदू अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतातंतूंमार्फत ही क्रिया सुरू करतो, आणि तीही हुडहुडी भरण्याच्या आधी.

कोनराड गेस्नर या स्विस निसर्ग-अभ्यासकाने १५५१ मध्येच मार्मॉट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यात अशा ऊतीचे वर्णन केले होते. माणसात ती फक्त तान्ह्या बाळांत असते आणि पुढे जवळजवळ नाहीशी होते, अशी समजूत बराच काळ होती. कर्करोगासाठी पेट-सीटी (शरीरात ग्लुकोज कुठे शोषले जाते ते दाखवणारी तपासणी) करणाऱ्या डॉक्टरांना मात्र काही प्रौढांच्या मानेजवळ ग्लुकोज शोषणारे ठिपके दिसत आणि निदानात व्यत्यय म्हणून ते बाजूला सारले जात. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात तीन गटांनी हे ठिपके तपकिरी चरबीचेच असल्याचे दाखवले. बॉस्टनच्या गटाने इतर कारणांसाठी झालेली १,९७२ जणांची चित्रे तपासली, ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ती सापडली. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या गटाने २४ तरुणांना १६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवले आणि २३ जणांत ती सक्रिय दिसली. लोक वेगळे होते हे खरे, पण आकड्यांतल्या एवढ्या मोठ्या तफावतीचे मुख्य कारण थंडी हेच होते. ऊबेत ही चरबी निपचित असते.

पेट-सीटीला या क्षेत्रात प्रमाण मानतात, पण तिच्यातही उणिवा आहेत. तपासणीत किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात, म्हणून निरोगी माणसाची किंवा मुलांची चाचणी पुन्हा पुन्हा करणे योग्य ठरत नाही. शिवाय तिच्यात मोजले जाते ते शोषलेले ग्लुकोज, उष्णता नव्हे. तपकिरी चरबीचे मुख्य इंधन मेदाम्ले आहेत. मधुमेहात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो. तेव्हा ग्लुकोज कमी शोषले गेले, म्हणून उष्णताही कमीच निर्माण झाली असे म्हणता येत नाही.

चाचणीची रीत : व्यक्ती काही तासांची उपाशी असावी. चहा-कॉफीही चालत नाही. एक कप कॉफीनंतर गळ्याच्या हाडावरचा भाग तापल्याचे ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदवले आहे. मसाल्याने चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो, म्हणून तर्री-पोह्यांचा नाश्ता करून आलेल्याला परत पाठवलेले बरे. मान आणि छातीचा वरचा भाग उघडा ठेवून, केस वर बांधून, स्थिर तापमानाच्या खोलीत अर्धा तास शांत बसवतात. मंगळसूत्र, साखळी, ताईत सगळे उतरवावे लागते. धातू स्वतः फारच कमी अवरक्त किरण बाहेर टाकतो आणि भोवतालचे परावर्तित करतो, त्यामुळे तापलेल्या त्वचेवरही चित्रात तो खोटा थंड पट्टा उमटवतो. आणि हे दागिने नेमके मोजायच्या जागीच रुळतात. त्वचेचा रंग मात्र आड येत नाही. ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीत गोरी आणि सावळी त्वचा सारखीच दिसते. दोन्हींची उत्सर्जकता (अवरक्त किरण बाहेर टाकण्याची क्षमता, कमाल १) ०.९८ च्या आसपास असते.

आधी ऊबेतली चित्रे घेतात. मग हात गार पाण्यात बुडवून किंवा थंड पाणी खेळवलेले जाकीट घालून शरीराला थंडी देतात. माणूस कुडकुडू लागला तर स्नायूंची उष्णता मिसळते आणि चाचणी वाया जाते, म्हणून थंडी त्याच्या अलीकडेच थांबवायची. अशा वेळी छातीच्या मध्यावरची, उरोस्थीवरची त्वचा गार होत जाते. गळ्याच्या हाडावरचा खळगा तितका गार होत नाही, कधी किंचित तापतो. या दोन जागांतला फरक किती वाढला ते मोजायचे. तो बहुधा अंशाच्या काही दशांशांत असतो.

फरकच का मोजायचा, हे कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दिसते. साधा हातातला कॅमेरा ०.०५ अंशाइतका फरक ओळखू शकतो, पण त्याने दाखवलेले प्रत्यक्ष तापमान दोन अंशांनी इकडेतिकडे असू शकते. एकाच चित्रातल्या दोन जागांना ही चूक सारखीच लागू होते आणि वजाबाकीत निघून जाते. एकट्या आकड्यावर भिस्त ठेवली की काय होते ते नागपूरकरांनी मे २०२४ अखेरीस पाहिले आहे : शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचा खुलासा करावा लागला.

नागपुरात चाचणी घेताना : मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. बाहेरचे तापमान जास्त असेल त्या दिवसांत तपकिरी चरबी कमी जणांत सापडते, हे बॉस्टनच्या पाहणीतही दिसले होते. उलट जपानमध्ये काही तरुणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांत बसवल्यावर तिची क्रिया वाढली. म्हणून इथे कुणाचेही चित्र घेताना महिना लिहून ठेवणे वयाइतकेच गरजेचे. एकाच माणसाची नवतप्यातली (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली) आणि जानेवारीतली चित्रे शेजारी ठेवायला यापेक्षा सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच मिळेल.

अडचण आहे ती खोलीची. कोरड्या हवेमुळे नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण या कामाला तो कुचकामी : ओलसर झोत अंगावर येतो आणि तापमान एका जागी टिकत नाही. एसी हवा, तोही मानेवर थेट वारा न सोडणारा. वरच्या मजल्यावरची खोली टाळावी. दिवसभर तापलेली स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि खाली बसलेल्याची त्वचा तापवते. दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर आलेल्या माणसाला अर्धा तास पुरणार नाही. घाम सुकताना त्वचा गार होते आणि चित्र भलतेच सांगते.

मर्यादा : त्वचेखालची पांढरी चरबी उष्णता अडवते. दोघांची तपकिरी चरबी सारखीच पेटली तरी जाड थर असलेल्याचे चित्र फिके येते, आणि संशोधक त्यावरून 'क्रिया कमी' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. भारतीयांच्या बाबतीत ही शंका आणखी रास्त आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहलेखक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली होती : दोघांचा बॉडी मास इंडेक्स (वजन-उंचीवरून काढलेला आकडा) २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजन-उंचीवरून जोड्या लावून केलेली तुलना अशा ठिकाणी फसते. नेदरलँड्समध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांत तपकिरी चरबीचे आकारमान कमी आढळले (२०१४), पण ते मोजमाप पेट-सीटीचे होते आणि सहभागी मोजकेच. नागपूरच्या उन्हात वाढलेल्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही.

त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या किंवा फुलल्या तरी तापमान बदलते. मानेतल्या मोठ्या वाहिन्याही त्याच जागेखालून जातात. काही अभ्यासांत थर्मल चित्रे आणि पेट-सीटी यांचा मेळ चांगला बसला, काहींत बसला नाही, विशेषतः सहभागी लोक अंगकाठीने वेगवेगळे असताना. निरोगी माणसाचा आकडा किती असावा, हे अजून ठरलेले नाही. त्यामुळे असे चित्र दाखवून 'तुमची चरबी जळते आहे' म्हणत बर्फाच्या पाण्याची सत्रे विकणे ही निव्वळ दुकानदारी आहे.

मुलांत चित्र अधिक स्पष्ट येते. नॉटिंगहॅमच्याच गटाने २०१२ मध्ये मुले, किशोर आणि प्रौढ यांची तुलना केली, तेव्हा गार पाण्यात हात-पाय घातल्यानंतर गळ्याच्या हाडावरचे तापमान लहान मुलांत सर्वाधिक वाढले आणि वयाबरोबर ही वाढ कमी होत गेली.