कामठीची मडम आणि आत्याची लाळ

2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कचेऱ्यांमध्ये धूळ खात पडलेल्या बस्त्यांना एकदम भाव आला. कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही), पाहणी पत्रक, मोडी वाचणारा माणूस, हे सगळं चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागलं. दाखल्यासाठी सुरू झालेली शोधाशोध मग पुष्कळांचा छंदच झाला. नागपूरच्या महाल भागातले माझे एक परिचित त्यांतलेच. सात पिढ्यांची वंशावळ त्यांनी मोठ्या कागदावर उतरवली आहे, अर्थात पुरुषांची. बायकांच्या जागी कुठे नुसतं माहेरचं आडनाव, कुठे गाव, आणि आजीच्या माहेरकडच्या एका चौकटीत फक्त ‘कामठीवाली’. नागपूरजवळच्या कामठीत इंग्रजांची लष्करी छावणी होती.

“ही आमची खापरपणजी. छावणीतली मडम होती म्हणते,” त्यांनी सांगितलं. “आमच्या घरी सगळे घारे आहेत न, ते तिच्यामुळंच.” मग त्यांनी मोबाइल पुढे केला. लाळ पाठवून मागवलेला डीएनए अहवाल होता आणि त्यात लिहिलं होतं, युरोपीय 3.1 टक्के.

घाऱ्या डोळ्यांचं आधी उरकून घेऊ. डोळ्यांचा रंग बऱ्याच अंशी 15 व्या गुणसूत्रावरची दोन शेजारी जनुकं ठरवतात, ओसीए-2 आणि एचईआरसी-2. दुसऱ्यात एक बटण आहे, ते पहिल्याला रंगद्रव्य किती करायचं ते सांगतं. इतरही जनुकं थोडीथोडी हात लावतात, पण ढोबळमानाने डोळे फिके व्हायला या बटणाची फिकी आवृत्ती आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते. समजा एक मडमेकडून आली. दुसरी? ती इथल्याच कुणाकडून आली असणार. म्हणजे फिकी आवृत्ती इथल्या लोकांत आधीपासून आहे, आणि तसं असेल तर मडमेची गरजच काय?

आता 3.1 टक्के. परिचित या आकड्यावर खूश होते, कारण हिशोब जुळत होता. खापरपणजी ही त्यांच्या वडिलांच्या आईची आजी, आईकडची. ती गोऱ्या शिपायाची आणि स्थानिक बाईची मुलगी असेल, तर तो शिपाई पाच पिढ्या वर येतो. तिथे 32 पूर्वज असतात, म्हणून प्रत्येकाचा सरासरी वाटा 3.125 टक्के. जुळलंच की! पण हा वाटा सरासरी आहे, प्रत्यक्षात तो बराच कमीजास्त होतो. शिवाय कंपनीचा टक्का म्हणजे मोजमाप नव्हे, अंदाज आहे. तुमचा डीएनए तिच्याकडच्या नमुन्यांशी ताडून पाहिला जातो. त्या नमुन्यांत विदर्भातली माणसं जेमतेम असली, तर आपल्याच जुन्या तुकड्यांवर ‘युरोप’चा शिक्का बसायला वेळ लागत नाही. दशांश चिन्ह छापलं की आकडा खरा वाटतो, एवढंच.

घरातल्या बोलण्यात खरं तर दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. ती स्वतः इंग्रज होती, ही एक. तिचा बाप इंग्रज होता, ही दुसरी. पहिलीची तपासणी सोपी आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो, 16,569 अक्षरांची गोल साखळी, आणि ती फक्त आईकडून येते. 2012 साली इंग्लंडात लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडलेला सांगाडा राजा तिसरा रिचर्डचा, हे ठरवताना त्याच्या बहिणीच्या लेकींच्या वंशातली हयात माणसं शोधून हीच साखळी जुळवली होती. मध्ये पाचशेहून जास्त वर्षं गेली होती.

पण आमच्या परिचितांनी तपासली स्वतःची लाळ. त्यांच्यातली साखळी त्यांच्या आईची, तिचा कामठीशी काही संबंध नाही. खापरपणजीची साखळी पणजीत आली, तिच्याकडून आजीत, आणि आजीकडून त्यांच्या वडिलांत व आत्यात. वडिलांपाशी ती थांबली. आत्याच्या मुलांत आहे, आत्याच्या मुलींच्या मुलांतही आहे. वंशावळीत ‘दिल्या घरी’ गेल्या म्हणून ज्यांची चौकट पुढे काढलीच नाही, नेमकी त्यांच्याकडे ती आहे. काका हयात असते तर तेही चालले असते, चुलतभाऊ नाही.

तर आत्याची लाळ तपासायची. निम्म्याहून जास्त भारतीयांची साखळी ‘एम’ नावाच्या घराण्यात बसते, तर युरोपात ‘एच’चा जोर आहे. ‘एच’ आपल्याकडेही अधूनमधून सापडतो, म्हणून नुसतं अक्षर पाहून भागत नाही, पोटशाखा पाहावी लागते. युरोपीय पोटशाखा निघाली तर पहिल्या गोष्टीत दम आहे. ‘एम’ निघाला तर खापरपणजी स्वतः मडम नव्हती. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र या तपासणीतून काहीच कळत नाही, कारण बाप इंग्रज असला तरी साखळी तिच्या स्थानिक आईचीच येणार.

दुसऱ्या गोष्टीसाठी टक्के सोडायचे आणि तुकड्यांची लांबी बघायची. हे मला फार आवडतं, म्हणून जरा थांबतो.

अजनीच्या यार्डात दोन मालगाड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत असं समजा. एक सगळी कोळशाच्या वाघिणींची, दुसरी सगळी सिमेंटच्या. दोन्हींचं कपलिंग एकाच क्रमांकाच्या डब्याशी सोडायचं, मागचे भाग अदलाबदल करून जोडायचे आणि दोनपैकी एकच गाडी पुढे रवाना करायची. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीचं हेच होतं. पुढच्या पिढीत ती गाडी नव्या गाडीशेजारी उभी राहते, पुन्हा कुठेतरी कपलिंग सुटतं. अदलाबदल थोड्याच ठिकाणी होते. वडिलांकडून येताना सगळ्या गुणसूत्रांत मिळून सरासरी 26 च्या आसपास, आईकडून येताना 40 च्या वर. त्यामुळे तीन-चार पिढ्यांनंतरही कोळशाच्या वाघिणींची लांबच लांब रांग सलग दिसते. शंभर पिढ्यांनंतर मात्र कोळसा-सिमेंट-सिमेंट-कोळसा अशी सरमिसळ होते.

ही लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. ज्या अंतरात एका पिढीत तुटण्याची शक्यता साधारण 1 टक्का, ते अंतर 1 सेंटिमॉर्गन. मग मिश्रणाला जितक्या पिढ्या झाल्या तितक्यांनी 100 ला भागा, तुकड्याची सरासरी लांबी ढोबळमानाने मिळते. खापरपणजीला बापाकडून आलेला संच अख्खा इंग्रजी. तो पहिल्यांदा तुटला पणजीला जाताना, मग आजीला, मग आत्याला. तीनदा. 100 भागिले 3, म्हणजे तेहतीस. तिन्ही वेळा देणारी बाई, म्हणून तुटणं थोडं जास्त, आणि गुणसूत्राची टोकंही कुठेतरी संपतातच. तेव्हा वीस-तीस धरा. हिशोब पुढे नेला तर आत्याच्या डीएनएत असे पंधरा-वीस तुकडे निघायला हवेत आणि सगळे गुणसूत्राच्या आईकडून आलेल्या प्रतीवर. परिचितांमध्ये दहाएक. घराण्यात मामाची मुलगी करायची रीत असेल आणि कामठीवाली वंशावळीत दोन वाटांनी येत असेल, तर हा आकडा फुगतो. ते आधी विचारून घ्यायचं.

आता याच्या उलट. हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंवर काम करणारी संशोधन संस्था आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की भारतात उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे दोन प्राचीन वंशप्रवाह साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले. त्यांतल्या उत्तरेकडच्या प्रवाहाचं युरोपीयांशी दूरचं नातं आहे. हे मिश्रण आपल्या सगळ्यांत आहे, पण त्याला सत्तर ते दीडशे पिढ्या झाल्या, म्हणून तुकडे सेंटिमॉर्गनभर किंवा त्याहून आखूड. टक्क्यांमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. लांबीत ओळखू येतात.

मध्येच एक सांगतो. या चौकटीत नाव नाही म्हणून घरात अडचणी येतात, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करा, असा सल्लाही परिचितांना मिळाला होता. नाव न लिहिलेली बाई कुणाच्या मागे लागत नाही. नाव न लिहिणं हा लिहिणाऱ्यांचा दोष होता. त्या पैशांत लाळ तपासायचं किट घेतलेलं बरं.

डीएनए नाव मात्र देत नाही, फार तर वाट दाखवतो. त्या शिपायाच्या भावाबहिणींच्या वंशातल्या कुणी इंग्लंडात तपासणी केली असेल, तर आत्याशी त्याचा एखादा तुकडा जुळून आडनाव हाती लागू शकतं. मग कागद. कामठीची छावणी 1821 ची, आणि तिथल्या पलटणी मद्रास फौजेच्या. म्हणून तिथल्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नोंदींच्या प्रती मद्रासला जात, तिथून लंडनला. आज त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन-2 या मालिकेत आहेत. नागपूर म्हणून मुंबईच्या किंवा बंगालच्या मालिकेत शोधणारे हात हलवत परततात. नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, पलटण मिळते. आई स्थानिक असली तर तिच्या नावाची जागा पुष्कळदा कोरीच असते.

आपल्याकडची दप्तरंही काही फार वेगळी नाहीत. कोतवाल बुकात ‘मुलगी’ आणि बापाचं नाव, बस. लग्नात नाव बदललं की माहेरच्या नोंदीशी धागा तुटला. बाई ठळक अक्षरात येते ती नवरा गेल्यावर, वारसाच्या फेरफारात: अमुकबाई जौजे (म्हणजे बायको) तमुक. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं घेतली जातात, पण ती वडिलांच्या घराण्यातली. आजीच्या आईकडची खापरपणजी तिथेही येत नाही.

तेव्हा पुढचं किट आत्याच्या नावाने, आत्याला नीट विचारून. लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, सुपारीसुद्धा नाही. अहवालातलं टक्क्यांचं रंगीत वर्तुळ न बघता मूळ डेटा उतरवून घ्यायचा आणि गुणसूत्रवार तुकडे बघायचे. वीस सेंटिमॉर्गनच्या आसपासचे डझनभर युरोपीय तुकडे निघाले तर मद्रास मालिका उघडायची. एकही नसेल, तर कामठीत छावणीबाहेर विणकरांची आणि व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. मग शोध तिकडच्या फेरफारांत घ्यायचा.