शून्य ओहमचा रेझिस्टर सर्किटमध्ये आला कशाला

स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचताना रेझिस्टरची खूण आणि शेजारी व्हॅल्यू "०आर" दिसली की नवीन माणूस हमखास अडखळतो, की रेझिस्टन्सच नाही तर रेझिस्टर लावलाच कशाला, सरळ ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) काढायचा ना. (तो आर दशांशचिन्हाच्या जागी येतो, ४.७ ओहम म्हणजे ४आर७, कारण छपाईत टिंब उडून जातं.)

याचं मूळ सिंगल साइड बोर्डात आहे. तांबं एकाच बाजूला, मग एक ट्रॅक दुसऱ्याला ओलांडून जाणार कसा? वरच्या बाजूने उघड्या तारेचा तुकडा टाकून. हाताने बोर्ड भरायचे तोवर हे ठीक होतं, पण पुढे पट्टीवर चिकटवलेले रेझिस्टर ओढून बोर्डात बसवणारी मशीन आली आणि त्या मशीनला जे लागतं ते रेझिस्टरच्याच मापाचं, मग त्या तुकड्यालाच रेझिस्टरचं अंग चढवलं आणि मध्ये एकच काळा पट्टा मारला, कलर कोडमध्ये काळा म्हणजे शून्य. थोडक्यात ही मशीनच्या सोयीसाठी वेषांतर केलेली तार आहे.

एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे पार्ट) आलं, तांब्याचे अनेक थर असलेले मल्टीलेयर बोर्ड आले, ट्रॅक ओलांडायची अडचण बरीचशी मिटली, तरी हा गडी टिकलाच, कारण तोवर डिझायनरला त्याचा दुसराच उपयोग सापडला होता: निर्णय पुढे ढकलणं. एकच बोर्ड दोन मॉडेलला वापरायचा, एकात रेझिस्टर बसवायचा, दुसऱ्यात ती जागा रिकामी, स्किमॅटिकवर "डीएनपी" लिहायचं म्हणजे बसवू नका. एखाद्या भागाचा करंट मोजायचा असेल तर तो काढून तिथे मीटर लावता येतो. आणि ५ टक्के टॉलरन्स (व्हॅल्यूत चालणारा फरक) वगैरे विसरा, शून्याचे ५ टक्के शून्यच, डेटाशीटमध्ये बघायचं ते जास्तीत जास्त रेझिस्टन्स (बऱ्याचदा ५० मिलिओहम) आणि करंट किती झेपतो ते. इथे वॉटमध्ये हिशोब करत बसणं माझ्या मते वेळ घालवणं आहे.

सोल्डर जंपर हा त्याचाच फुकटातला भाऊ, दोन पॅड (तांब्याचे उघडे ठिपके), मध्ये बारीक फट, जोडायचं तर सोल्डरचा थेंब. पार्ट विकत घ्यायला नको, स्टॉक ठेवायला नको, पण काम हाताचं, म्हणून कारखान्याचा कल शून्य ओहमकडे आणि हौशी लोकांच्या बोर्डावर पॅड जास्त. स्किमॅटिकवर नाव जेपी किंवा एसजे. एसटी या चिप कंपनीच्या न्यूक्लिओ डेव्हलपमेंट बोर्डांवर तर एसबी म्हणजे सोल्डर ब्रिज लिहिलेलं असतं आणि जागेवर बसलेला असतो शून्य ओहमचा रेझिस्टर, तेव्हा नावावर जाऊ नका.

वाचताना खरं बघायचं ते जंपर मुळात उघडा आहे की जोडलेला. पीसीएफ८५७४ (एलसीडीला दोन तारांच्या आय२सी बसवर जोडणारी चिप) वाल्या एलसीडी मॉड्यूलवर ए०, ए१, ए२ असे तीन उघडे जंपर असतात, तिन्ही उघडे असताना त्या बसवरचा चिपचा पत्ता हेक्समध्ये २७, ए० जोडला की २६, कारण पुल-अपने (लाइन १ वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) वर धरलेली लाइन ग्राउंडला जाते. उलट आर्डुइनो उनोवरचा "रीसेट-ईएन" जोडलेलाच येतो, पॅडमधला बारीक ट्रॅक ब्लेडने कापला की ऑटो-रीसेट (प्रोग्रॅम टाकताना बोर्ड आपोआप रीसेट होणं) बंद, परत हवा तर त्याच पॅडवर सोल्डर मारायचं.